तांब्याच्या भांड्यापलीकडचे तांबे

प्रवरातीर (धागाकर्ता)

तांब्याचा विषय निघाला की चर्चा हटकून एकाच प्रश्नावर येऊन थांबते: रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी सकाळी प्यावे की नाही. प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यावर जाणकारांनी येथे अवश्य लिहावे. परंतु ज्या धातूने आपल्या प्रदेशात पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांपासून आजच्या विजेच्या रोहित्रापर्यंत माणसाची साथ केली, त्याची ओळख एवढ्यावरच संपावी याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

सुरुवात आमच्या भागापासून करतो. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद हे पुरातत्त्वीय स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणून काढताना धातूच्या चार ओतीव वस्तू मिळाल्या: दोन बैल जुंपलेला व उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. यांतील रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे, आणि चारही वस्तू भरीव असल्याने त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले, तरी अनेक जण त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात. या वजनाचे महत्त्व लक्षात यायचे असेल तर दख्खनच्या काळ्या कातळात तांब्याचे खनिज मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. जवळच असलेल्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे, ज्या गावावरून पुढे एका संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृतीला नाव मिळाले, तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी सापडली. तरीही त्या काळची रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या बारीक पात्यांनीच होत असे, कारण तांबे दुरून येणारे आणि मोलाचे होते. अशा काळात कोणी तरी ६० किलो धातू चार आकृत्यांत भरीव ओतला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. कोळसा आणि भाता यांच्या साहाय्याने हे तापमान गाठता येते, म्हणूनच लोखंडाच्या कितीतरी आधी माणसाच्या हाती ते लागले. ते ठोकून पसरते, ठोकता ठोकता कडक होते आणि तापवले की पुन्हा मऊ पडते. उष्णता आणि वीज वाहून नेण्यात चांदीखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. याखेरीज त्याचा एक गुण असा की ओलावा, आंबट पदार्थ किंवा दूध यांच्या संपर्कात आले की ते स्वतःचा अगदी थोडा अंश त्यांत सोडते. माझ्या मते तांब्याचे पुष्कळसे गुण आणि बहुतेक सगळे दोष या सुटणाऱ्या अंशातच आहेत. तो अंश कोठे हवा आणि कोठे नको हे ज्यांना कळले, त्यांनी हा धातू नीट वापरला.

सदस्यांनी आपापल्या कामातला अनुभव आणि माहिती लिहावी, ही विनंती.


तांबटआळी

धागा काढल्याबद्दल आभार. आमचे घराणे मठारकामाचे, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके देण्याच्या कामाचे, असल्यामुळे भांड्यांच्या घडणीविषयी लिहितो.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईत वसली. कोकणातून आलेल्या तांबटांनी तेथे भांडी तर घडवलीच, शिवाय पेशव्यांच्या लष्कराला आणि टांकसाळीला लागणारे कामही केले. राजाश्रय गेल्यावर बंब, घंगाळे, हंडे, कळश्या, तपेली आणि पूजेची उपकरणी एवढाच आधार उरला, आणि घरोघरी स्टील व ॲल्युमिनिअम आल्यावर तोही आटत गेला.

घंगाळ घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. पत्र्याचा गोल कापून तो ठोकत ठोकत खोलगट करतात. काही फेऱ्यांनंतर पत्रा ताठर होतो आणि तसाच ठोकत राहिले तर त्याला चीर जाते. म्हणून तो भट्टीत लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. हंड्यासारख्या भांड्याचे वरचे आणि खालचे असे दोन भाग वेगळे घडवून, त्यांच्या कडांना दातरे पाडून, ते एकमेकांत अडकवून टाकणखाराच्या साहाय्याने पितळी डाक देतात, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडतात. त्यानंतर सौम्य आम्लात आणि चिंचेच्या पाण्यात भांडे स्वच्छ होते आणि मग खरे मठारकाम सुरू होते.

लोखंडी दांड्याच्या टोकावर भांडे पेलून धरायचे आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने तळाकडून काठाकडे ओळीने ठोके देत जायचे. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या कडेला किंचित चढला पाहिजे. हातोडीचे तोंड जेवढे चकचकीत, तेवढीच चमक त्या ठशात उतरते, म्हणून कारागीर हातोडी आरशासारखी घासून ठेवतो. लोकांना ही केवळ नक्षी वाटते. प्रत्यक्षात या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि पातळ पत्र्याचे मोठे घंगाळही पाण्याने भरून उचलताना वाकत नाही. यंत्राच्या साच्यात उमटवलेल्या खुणा सगळ्या एका मापाच्या आणि ठरावीक अंतरावर असतात. हाताच्या कामात अंतर किंचित कमीजास्त होते आणि ओळ भांड्याच्या गोलाईबरोबर वळत जाते. खरेदी करताना एवढे पाहिले तरी फरक कळतो.

या कामाची किंमत कारागिराच्या कानांना मोजावी लागते, हेही नोंदवतो. दिवसभर आठ-दहा हातोड्या एकाच वेळी चालू असलेल्या जागेत वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला उतारवयात ऐकू कमी येते. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरा समाजाच्या पितळ-तांबे कामाचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. मठारकामाचीही तेवढ्याच गांभीर्याने नोंद व्हावी, असे मला वाटते.


उंबरठा

सर्वच प्रतिसाद वाचनीय आहेत. माझ्या सासूबाईंकडून तांब्याची मोठी पातेली आणि एक बंब माझ्याकडे आला आहे. पातेल्यांत स्वयंपाक केला तर चालेल का? त्यांच्या आतली कल्हई जागोजागी उडालेली दिसते. सासूबाई सांगत असत की कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते आणि असे ताक कोणालाही देऊ नये.


डॉक्टरीण_सातारा

उंबरठा, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ताक, चिंचेचे सार, लिंबू, टोमॅटो, लोणचे असा कोणताही आंबट पदार्थ उघड्या तांब्याला किंवा पितळेला लागला की तांबे त्यात उतरते, पदार्थाला हिरवट झाक व तुरट चव येते आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या, पोटदुखी असा त्रास होतो. कल्हई उडालेल्या पातेल्यात स्वयंपाक करू नका.

या निमित्ताने महाराष्ट्रात झालेल्या एका अत्यंत महत्त्वाच्या संशोधनाविषयी लिहिते, कारण नव्या पिढीतील पालकांना ते ठाऊकच नसते. भारतात पूर्वी लहान मुलांमध्ये यकृताचा एक आजार दिसत असे. साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाचे पोट फुगे, यकृत मोठे व टणक होई, आणि बहुतेक बाळे दगावत. एकाच घरात एकापाठोपाठ दोन भावंडे जाण्याचे प्रसंगही घडत असल्याने हा आजार आनुवंशिक असावा, असा समज होता. वैद्यकीय ग्रंथांत त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य अशा अर्थाचे नाव होते, म्हणजे आपल्या देशाचे नावच त्याला चिकटलेले होते.

या बाळांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले असते, हे १९७० च्या दशकाअखेर स्पष्ट झाले. ते तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. त्यांनी आजारी बाळांच्या आणि निरोगी बाळांच्या घरांत आहाराची बारकाईने चौकशी केली, तेव्हा आजारी बाळांना गाईचे किंवा म्हशीचे दूध लवकर सुरू झालेले आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व साठवलेले आढळले. १९८३ आणि १९८७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाईम्हशीच्या दुधात मुळात तांबे अगदी कमी असते, परंतु दुधातील प्रथिन भांड्यातले तांबे धरून ठेवते. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि दिवसागणिक साठा वाढत जातो. मोठ्या माणसांना त्याच भांड्यातल्या दुधाने काहीच होत नसल्यामुळे घरात कोणालाही शंका येत नसे. पितळ हा तांबे व जस्ताचा मिश्रधातू असल्याने पितळी पातेल्यालाही हे सर्व लागू होते.

बाळाला आईचे दूध द्यावे आणि वरचे दूध द्यावेच लागले तर ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, एवढ्या साध्या सल्ल्याने आणि घराघरांत आलेल्या स्टीलच्या भांड्यांमुळे हा आजार आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही असाच बालकांचा आजार होता, तेथेही गाईचे दूध आणि तांब्याची भांडी हेच कारण निघाले, आणि भांडी बदलल्यावर तो नाहीसा झाला. परंपरेतील भांड्यांचे गोडवे गाताना पुण्यातील हे काम विसरले जाते, याचे मला फार वाईट वाटते. त्या संशोधनाने वाचवलेली बाळे आज चाळिशीत असतील.

आता पाण्याविषयी. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की हगवण, पटकी वगैरे रोगांचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले असता ते जंतू मरतात आणि पाण्यात उतरणारे तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहते. ही मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आपल्या देशाच्या पेयजल मानकात ०.०५ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे साधे पाणी तांब्याच्या कळशीत ठेवून पिण्यास निरोगी प्रौढाला हरकत नाही. त्यात लिंबू पिळून ठेवू नये, तान्ह्या बाळाचे दूध वा पूड कालवण्यासाठी ते वापरू नये आणि विल्सनचा आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांचे शरीर जन्मतःच तांबे बाहेर टाकू शकत नाही अशांनी, ते अजिबात घेऊ नये. मात्र तांब्याचे पाणी प्याल्याने वजन उतरते, केस काळे होतात, सांधे बरे होतात, या दाव्यांना आधार नाही. शरीराला दिवसाकाठी सुमारे १ मिलिग्रॅम तांबे लागते आणि डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू खाणाऱ्या घरात ते आहारातूनच मिळते.


तांबटआळी

डॉक्टरीणबाईंच्या प्रतिसादाबद्दल आभार. आमच्या व्यवसायातील माणसांनीही तो ग्राहकांना वाचून दाखवावा.

उंबरठा, पातेल्यांना कल्हई करून घ्या. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरची काळपट पुटे निघून जातात. लगेच कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला लावली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने तो रस सगळीकडे फिरवला की आतून चांदीसारखा थर बसतो. दोन गोष्टींची काळजी घ्या. कथील शुद्ध असावे. त्यात शिसे मिसळले तर तांब्यापेक्षा मोठे विष पोटात जाईल, म्हणून माहितीच्या माणसाकडूनच काम करून घ्या. दुसरे असे की कथील २३२ अंशांनाच वितळते. कल्हईचे रिकामे पातेले मोठ्या आचेवर ठेवले तर थर ओघळून तळाशी गोळा होतो, आणि आत लोखंडी कालथ्याने खरवडले तर तो निघून जातो. लाकडी डाव वापरा.

बंबाला कल्हईची गरज नाही, कारण त्यातले पाणी अंघोळीचे असते. मधल्या नळकांड्यातील राख मात्र वेळच्या वेळी काढा आणि तो कधीही पाण्याशिवाय पेटवू नका, नाहीतर सांध्याची डाक सुटते.


वाइंडिंगवाला

आमच्या दुकानात तांबे किलोने येते आणि किलोनेच जाते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळते म्हणजे बहुतेक वेळा तिच्या आतल्या तांब्याच्या तारेवरचा मुलामा जळतो. विजेचा दाब कमी असताना पाणी ओढण्याचे काम तेवढेच राहते, म्हणून मोटार जास्त विद्युतप्रवाह घेते, तार तापते, तापलेल्या तारेचा रोध आणखी वाढतो, मुलामा उडतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. तीनपैकी एक फेज गेली आणि मोटार चालूच राहिली तरी हाच परिणाम होतो. आम्ही जळालेली वेटोळी छिन्नीने तोडून ओढून काढतो, किती वेढे आणि कोणत्या गेजची तार होती ते मोजून लिहून ठेवतो, खाचांत नवा कागद बसवून तेवढेच वेढे भरतो आणि शेवटी वार्निश देऊन भाजतो. एक गेज बारीक तार वापरली तर खाच भरायला सोपी जाते आणि तांबेही वाचते, पण ती मोटार पुढचा उन्हाळा काढत नाही. ग्राहकाने जुन्या आणि नव्या तारेचे वजन समोर करून घ्यावे, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

ॲल्युमिनिअम का नको, असे अनेक जण विचारतात. सारख्या जाडीची तार घेतली तर ॲल्युमिनिअम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहते. मोकळ्या आकाशात जाड तार चालते आणि हलकेपणा उपयोगी पडतो, म्हणून मनोऱ्यांवरच्या वाहिन्या पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनिअमच्या असतात. मोटारीच्या खाचेत जागा मोजकी असते, तेथे तांबेच हवे. लहान वितरण रोहित्रांत ॲल्युमिनिअमची वेटोळी बसवली जातात. ज्या रोहित्रांत तांब्याची वेटोळी असतात, त्यांतील तेल रात्रीतून सांडून आतले तांबे काढून नेण्याच्या चोऱ्या ग्रामीण भागात नित्याच्या आहेत. चोराला भंगारात मिळणारे पैसे थोडे असतात, आणि तेवढ्यासाठी अनेक शेतकऱ्यांचे उभे पीक पाण्यावाचून सुकते.


धातुकाम

भांड्याच्या तांब्यात आणि तारेच्या तांब्यात शुद्धतेचा मोठा फरक असतो, तो स्पष्ट करतो. तांब्यात फॉस्फरस, आर्सेनिक, लोह यांचा अंशमात्र जरी राहिला तरी त्याची वीजवाहकता झपाट्याने घटते, त्यामुळे तारेसाठी ९९.९९ टक्के शुद्ध धातू लागतो. (धागाकर्त्यांनी उल्लेखिलेल्या दायमाबादच्या वस्तूंच्या पृथक्करणात १ टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले होते, ओतकामाला ते उपकारक ठरते, तारेला मात्र ते अजिबात चालणार नाही.)

खनिजात तांबे बहुधा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे एक टन धातूसाठी शंभर टनांहून अधिक दगड फोडावा लागतो. तो दळून, फेसाळ पाण्यात तरंगवून तांब्याचा अंश वेगळा काढतात, मग भट्टीत वितळवून गंधक व लोह दूर करतात. मिळालेल्या अशुद्ध तांब्याचे जाड पत्रे ओतून ते मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) आम्लयुक्त द्रावणात टांगतात आणि वीज सोडतात. तांबे एका पत्र्यावरून विरघळून दुसऱ्यावर शुद्ध स्वरूपात बसते, आणि तळाशी साचणाऱ्या गाळात सोने व चांदी मिळते. धागाकर्त्यांनी म्हटलेला सुटणारा अंश येथे कारखान्याच्या प्रमाणावर कामाला लावलेला असतो.

भारतात खनिज थोडे आहे. राजस्थानातील खेत्री, झारखंडमधील सिंहभूम आणि मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड ही मुख्य क्षेत्रे. यांपैकी मलाजखंड आपल्या गोंदियापासून फार दूर नाही. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे साठा आढळला आहे. या खाणी चालवणाऱ्या, १९६७ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीचा तारेसाठीचे जाड गज ओतण्याचा कारखाना तळोजा येथे आहे. परंतु देशाची भूक फार मोठी असल्याने खनिजाचा सांद्र माल चिली, पेरू, इंडोनेशिया अशा देशांतून आणावा लागतो. जगात खाणीतून निघणाऱ्या तांब्यापैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या चिलीचा आहे.

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली एक घटना येथे सांगितलीच पाहिजे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तांबे वितळवण्याचा एक मोठा खासगी कारखाना रत्नागिरीत उभा राहणार होता. भट्टीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने आंब्याच्या बागांचे नुकसान होईल, या भीतीने स्थानिकांनी कडाडून विरोध केला आणि १९९३ मध्ये राज्य सरकारने काम थांबवले. पुढे तोच प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. २२ मे २०१८ रोजी तेथील प्रदूषणाविरुद्धच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसे मरण पावली आणि कारखाना बंद झाला. वर्षाला ४ लाख टनांची क्षमता एका फटक्यात थांबल्यामुळे शुद्ध तांब्याची निर्यात करणारा भारत आयात करणारा देश बनला. २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा येथे ५ लाख टन क्षमतेचा नवा कारखाना सुरू झाला.

गंधकाचा वायू पकडून त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनवता येते, ते खतांसाठी विकलेही जाते. तंत्र उपलब्ध आहे. ते अहोरात्र आणि प्रामाणिकपणे चालवले जाते की नाही, यावर लोकांना देखरेख ठेवता आली पाहिजे. रत्नागिरीकरांनी विचारलेले प्रश्न चुकीचे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वेळी वापरलेले तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचे गुण उणावत नाहीत, म्हणून जुन्या तारा, मोटारी आणि भांडी नीट गोळा करून शुद्ध करणे याकडे आपण गांभीर्याने पाहायला हवे.


सुपारीबाग

दापोलीकडून लिहीत आहे. कोकणातल्या बागायतदाराचा तांब्याशी संबंध मोरचुदातून येतो. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग पडतो, कोवळी फळे कुजून झाडाखाली सडा पडतो आणि वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. त्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण हाच आमचा भरवशाचा उपाय: पावसाच्या तोंडावर पहिली फवारणी आणि सुमारे ४० ते ४५ दिवसांनी उघडीप पाहून दुसरी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागायतदार केवडा या बुरशीजन्य रोगासाठी हेच मिश्रण वापरतात, आणि मुळात ते द्राक्षांसाठीच निघाले. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून त्यांना मोरचूद व चुना फासत असत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला.

मिश्रण करण्याची रीत अशी: १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या पिंपात विरघळवावे, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या पिंपात ५० लिटर पाण्यात विझवून गाळून घ्यावा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत काठीने ढवळावे. लोखंडी भांडे वापरू नये, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर जाऊन बसते. याच गुणाचा उपयोग परीक्षेसाठी होतो. घासून चकचकीत केलेला विळा तयार मिश्रणात थोडा वेळ बुडवून काढावा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असे समजून चुन्याची निवळी घालत जावे, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

सुटणारा अंश कोठे हवा आणि कोठे नको, हे धागाकर्त्यांचे म्हणणे येथेही तंतोतंत लागू पडते. पानावर बुरशीला मारणारे तांबे पावसाने धुपून मातीत उतरते आणि तेथून ते कोठेही जात नाही. युरोपीय संघाने शेतकऱ्यांना सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे जुन्या बागांच्या मातीत तांबे किती साठले आहे, हे माती परीक्षणात आवर्जून पाहून घ्यावे.


लेखशोधक

इतिहासाच्या अंगाने थोडी भर घालतो. दानपत्र ताडपत्रावर लिहिले तर कसर लागते आणि शिळेवर कोरले तर ती घरी नेता येत नाही. जमीन मिळालेल्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या जपता येईल असा मालकीहक्काचा कागद हवा होता, आणि ती गरज तांब्याच्या पत्र्याने भागवली. दोन-तीन पत्रे, त्यांना भोक, त्यातून ओवलेली कडी आणि कडीवर राजमुद्रा अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. कोल्हापूर जिल्ह्यातील सामानगडचा राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इसवी सन ७५३-५४ च्या सुमाराचा आहे आणि बदामीच्या चालुक्यांची सत्ता कशी मोडली, याचा तो प्रमुख पुरावा ठरतो.

परंतु या धाग्यासाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा, पुणे ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेला पत्र्यांचा जोड. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, आणि पतीच्या निधनानंतर अल्पवयीन युवराजाच्या वतीने तिने कारभार पाहिला. रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून दिलेले हे दानपत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी अभ्यासकांच्या हाती आले ते पुण्यातल्या एका तांबटाकडून. त्याचे घराणे मूळचे नगरचे होते आणि हे पत्रे अनेक पिढ्या घरात जपल्याचे त्याने सांगितले. ज्याच्या व्यवसायात जुने तांबे म्हणजे वितळवण्याचा कच्चा माल, त्याच घराण्याने वाचता न येणारी ती अक्षरे भट्टीत घातली नाहीत, म्हणून गुप्त-वाकाटक संबंधांचा एवढा ठोस पुरावा आज उपलब्ध आहे.

नाण्यांचे म्हणाल तर १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळची शिवराई तांब्याची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार तांब्याच्याच नाण्यात चाले आणि शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकातही हातोहात फिरत राहिली. सतराव्या शतकात भारताच्या किनाऱ्यांवर तांबे समुद्रमार्गेही येत असे. डच कंपनी जपानचे तांबे नागासाकीहून आणून येथे विकत असे.


उंबरठा

माझ्या माहेरी देवघरातल्या डब्यात जुन्या काळपट-हिरव्या नाण्यांची पुरचुंडी आहे. एकावर ‘छत्रप’ एवढी अक्षरे दिसतात. चिंच-मिठाने घासून स्वच्छ केली तर बाकीचे वाचता येईल का?


लेखशोधक

कृपया घासू नका. भांड्याला चिंच लावतो तेव्हा वरचा काळपट थर जातो आणि खालचे तांबे उघडे पडते. भांड्याचा पत्रा जाड असल्याने त्याला काही होत नाही. नाण्यावरची अक्षरे मात्र अगदी उथळ असतात, आणि शेदोनशे वर्षांत जमलेल्या थरातच बहुधा त्यांच्या कडा शिल्लक राहिलेल्या असतात. आम्ल लागले की थराबरोबर अक्षरेही निघून जातात. साध्या स्वच्छ पाण्यात काही वेळ ठेवून मऊ दाताच्या कुंचल्याने माती तेवढी काढा, लगेच पूर्ण कोरडी करा आणि प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकून राहते. एखाद्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली तर ते इतरांपासून ताबडतोब वेगळे करा, कारण ती झीज धातू आतून खात जाते. अक्षरे वाचायची असतील तर अंधाऱ्या खोलीत एका बाजूने तिरपा उजेड टाकून छायाचित्र घ्या आणि येथे चढवा. दोन ओळींच्या मध्ये दुहेरी आडवी रेघ असेल तर ती नंतरच्या काळातील दुदांडी शिवराई असेल.

ही नाणी घरात वारशाने आलेली असल्याने ती जपून ठेवण्यास अडचण नाही. शेतात नांगरताना वा पाया खणताना नाणी किंवा ताम्रपट मिळाला तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तसे करण्याआधी ताम्रपटाची कडी तोडू नका आणि पत्रे सुटे करू नका.